येळ्ळूरच्या ‘ऊर’चं काय करायचं?

एक नोव्हेंबर जवळ आला की बेळगावात एका गल्लीत लाल-पिवळे झेंडे लागतात आणि दुसऱ्या गल्लीत काळे. कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव त्यांचा, बेळगाव त्या राज्यात गेल्याचा काळा दिन आमचा. १९५६ पासूनचं हे वेळापत्रक आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. अलीकडे त्यात एका नव्या खेळाची भर पडलीय, ती गावांच्या नावांच्या याद्यांची. एक यादी कन्नड बाजूची. तिच्यात येळ्ळूर, बेक्किनकेरी, हब्बनहट्टी, नंदिहळ्ळी अशी नावं ओळीनं मांडून खाली निकाल दिलेला असतो: ऊर, केरी, हट्टी, हळ्ळी हे सगळं कन्नड, म्हणून भूमी कन्नड, म्हणून मराठी माणूस इथं मागाहून शिरलेला भाडेकरू. दुसरी यादी आपली. बेळगाव म्हणजे वेणुग्राम, वेणुग्राम म्हणजे वेळूचं गाव, वेळू शब्द मराठी, म्हणून बेळगाव मुळातच मराठी. एवढा जिना दोन दमांत चढून ती थेट सुप्रीम कोर्टाच्या दारात उभी असते. दोन्ही याद्या माझ्या फोनवर येतात, दोन्ही पाठवणारे ओळखीचे, आणि दोन्ही याद्या सारख्याच कुचकामी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या द्यायची घाई असलेल्यांचा वेळ वाचेल. गावाचं नाव कुठल्या भाषेतून आलं, याचा ते गाव कुठल्या राज्यात असावं याच्याशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. कानात कुर्र करते, पेढा खाते आणि आपल्या घरी जाते. नाव तिनं ठेवलं म्हणून मूल तिचं होत नाही. सीमाभागातला मराठी माणूस गेली सत्तर वर्षं जे मागतोय ते आज तिथं राहणाऱ्या, बोलणाऱ्या, पोरं शाळेत घालणाऱ्या माणसांच्या बळावर मागतोय. ते सोडून आपण हजार वर्षांपूर्वीच्या बारशाची पत्रिका शोधायला निघालो, तर हसू आपलंच होणार.

बेळगावजवळच्या येळ्ळूरचंच घ्या. गावच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा फलक होता. २०१४ च्या जुलैमध्ये प्रशासनानं तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, मग पोलीस घराघरांत शिरले आणि लाठ्या चालल्या. बायाबापड्यांनी मार खाल्ला. त्या फलकावरच्या तीन शब्दांपैकी तिसऱ्याकडे कुणी नीट पाहिलंय का? ‘ऊर’ म्हणजे गाव. कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कुठल्याही द्राविडी भाषकाला विचारा. पुढचं ‘येळ्ळ’ म्हणजे एळ्ळु, म्हणजे तीळ, असं कुणी सांगेल. तिथल्या शिवारात तीळ कमी आणि भातच जास्त, हा भाग वेगळा. पण ‘ऊर’बद्दल वाद घालायला जागा नाही. मग त्या गावकऱ्यांनी मार खाल्ला तो कन्नड शब्दासाठी? तर नाही. आपलं गाव त्यांनी ज्या नावानं ओळखलं त्यासाठी खाल्ला. ते नाव कुठून आलं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं कारणही नव्हतं. वरच्या गडाला राजहंसगड म्हणा की येळ्ळूरगड. दुसऱ्या नावात ‘ऊर’ला ‘गड’ जोडताना कुणाची जीभ अडखळली नाही.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करू, कारण आपल्याकडे तेवढंच करायचं टाळलं जातं. खानापूर तालुक्यातलं हलशी हे कदंब राजांचं मोठं ठाणं, ताम्रपटांत त्याचं नाव पलाशिका. पलाश म्हणजे आपला पळस. मराठीच्या नियमानं चाललं असतं तर गावाचं नाव पळशी झालं असतं. महाराष्ट्रात पळशी नावाची गावं हवी तितकी आहेत. इथं मात्र हलशी झालं. कारण कन्नडमध्ये जुन्या ‘प’चा ‘ह’ झाला: पाल म्हणजे दूध, त्याचं हाल झालं, पळ्ळीची हळ्ळी झाली. म्हणजे हे नाव शतकानुशतकं कन्नड तोंडातून घासत घासत आलं आणि मग मराठी तोंडात स्थिरावलं. एक अक्षर आहे, पण ताम्रपटापेक्षा खोटं बोलायला कठीण. बेक्किनकेरीतलं ‘बेक्कु’ म्हणजे मांजर, हे तिथल्या मराठी पोरांना सांगितलं की ती खिदळतात. रट्ट राजघराण्यानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला सौंदत्तीहून राजधानी बेळगावला आणली. त्यांचे इथले शिलालेख कन्नडमध्ये आहेत. नवव्या शतकातला कविराजमार्ग हा कन्नड ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. आणि याच जिल्ह्यात जन्मलेले कन्नड संशोधक शं. बा. जोशी स्थळनामांच्याच आधारानं कन्नडचा जुना पसारा महाराष्ट्रात खोलवर दाखवत गेले. हे सगळं ‘कानडी कारस्थान’ म्हणून उडवून लावणारा माणूस मराठीचा कैवारी म्हणवत असेल, पण त्यानं आपलीच बाजू लंगडी केलेली असते. या भागावर कन्नडचा जुना आणि जाड थर आहे. आहेच.

आपल्या लाडक्या वेणुग्रामाचं काय? शिलालेखांत वेणुग्राम आणि वेळुग्राम ही रूपं सापडतात. मराठीत वेळू आहेच, तेव्हा इथं आपली कॉलर ताठ होते. पण मग ‘वेळगाव’ का नाही झालं? ‘व’चा ‘ब’ करायची खोड कन्नडची. वनाचं बन तिथं झालं, वृषभाचा बसव तिथं झाला. म्हणजे बेळगावातला ‘बे’ कन्नड वळणाचा. लगेच पलीकडचे म्हणतील, बघा! तर त्यांनाही थांबवायला हवं, कारण शेवटचं ‘गाव’ किंवा ‘गावि’ हे ग्राम-गाम-गाव या वाटेनं आलेलं, संस्कृत-प्राकृताच्या घरचं. आता आपण उड्या मारायच्या का? तेही नको, कारण बळ्ळिगावी तर शिवमोग्ग्याकडे आहे, आणि तिथं मराठीचा दावा अजून कुणी केलेला नाही. डोकं एकाचं, शेपूट दुसऱ्याचं, आणि मधला बांबू दोघांच्या अंगणातला. या शब्दावरून भांडायचं म्हणजे दोन भावांनी आईच्या साडीचे दोन तुकडे करून मागण्यासारखं आहे. तुकडे होतील, नेसता कुणालाच येणार नाही.

नावांवरून हद्द ठरवायचीच असेल तर नियम सगळीकडे लावा. दक्षिण सोलापुरात, भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं, हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. कालनिर्देश असलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत तो मोजला जातो. आणि ‘कूडल’ म्हणजे काय? कन्नडमध्ये संगम. बसवण्णांच्या कूडलसंगमातला तोच कूडल. मराठी अक्षर दगडावर उमटलं ते कन्नड नावाच्या गावात. आता हे गाव कुणाचं? नावाला द्या तर कर्नाटकाचं, लेखाला द्या तर महाराष्ट्राचं. उलट श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘चावुण्डराजें करवियलें’ हे मराठी वाक्य कोरलंय. बेळगोळ म्हणजे पांढरं तळं, शब्द कन्नड, गाव कर्नाटकाच्या पोटात. आपल्यापैकी कुणी ते मागितलंय? तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत खोदून ठेवला, १८०३ मध्ये. तंजावर मागायला आपण निघालो नाही, आणि ते शहाणपणाचंच झालं.

सीमातंट्याचा जो दाखला आपण स्वतः सारखा देतो, तो तर नावांची फिकीर न करणारा आहे. आंध्र आणि मद्रासमधला वाद ह. वि. पाटसकरांनी सोडवला. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा, ही महाराष्ट्राची चार सूत्रं त्याच वाटेवरची. तो निवाडा अमलात आल्यावर तिरुत्तणी मद्रासकडे गेलं. तिरुपती मात्र आंध्रातच आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, शब्द अस्सल तमिळ, आणि तो दोन्ही नावांत आहे. नावाला विचारलं असतं तर बालाजीला मुक्काम हलवावा लागला असता. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये बेळगाव शहर नाकारलं आणि २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलं, त्यावर आपला राग आहे आणि तो योग्य आहे. पण आपला राग चार सूत्रं सरसकट न लावल्याचा आहे. आयोगानं व्युत्पत्ती चुकीची लावली, अशी तक्रार आपण कधी केलेली नाही. मग आता ती कशाला उकरायची?

नावांच्या यादीवाल्यांची आणखी एक समजूत बुडाशी सडकी आहे. नाव कन्नड, आजचा रहिवासी मराठी, म्हणजे कन्नड माणसं गेली आणि मराठी आली, असं ते धरून चालतात. माणसं अशी बैलगाडीत बसून भाषेसकट ये-जा करत नाहीत. पुष्कळदा माणूस तिथंच राहतो, भाषा बदलते. कधी राज्यकर्त्यामुळे, कधी बाजारामुळे, कधी सोयरिकीमुळे. येळ्ळूरला येळ्ळूर म्हणणाऱ्यांचेच वंशज आज येळ्ळूरकर आडनाव लावत असतील तर? त्या आडनावाकडेच बघा: ‘ऊर’ला मराठी ‘कर’ चिकटलाय. हलगेकर, मुतगेकर, अनगोळकर, कंग्राळकर, हिंडलगेकर, सगळी अशीच. कन्नड माणूस गावाचं नाव आहे तसं आडनाव म्हणून लावतो, कित्तूर काय, हुक्केरी काय. आपण शेपूट लावल्याशिवाय सोडत नाही. खानापूर तालुक्यात तर देवाचीहट्टी नावाचं गावच आहे. ‘देवाची’ अस्सल मराठी, षष्ठीच्या प्रत्ययासकट. ‘हट्टी’ म्हणजे कन्नडमधली गुरावासरांची वस्ती. परक्या माणसाला वाटतं, देवाची कुणी हट्टी पोरगी असावी! हे नाव कुण्या आयोगानं ठेवलेलं नाही. एकाच बांधावर गुरं चारणाऱ्या दोन भाषांच्या माणसांनी ते बोलता बोलता घडवलं.

आणि दोनच भाषा कशाला? कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक यांतलं खुर्द-बुद्रुक फारसी. खानापुरातला खान आणि शहापुरातला शहा कुठून आले ते सांगायला नको. मोगलाईत बेळगावचं आझमनगर झालं होतं, आज ते नाव एका वसाहतीपुरतं उरलंय. मूळ भाषेला हक्क द्यायचा तर खानापूर इराणला जोडायचं का?

इथं आपल्याच बाजूचा एक जुना कार्यकर्ता मला अडवतो. अडवायलाच हवं, कारण त्याचा मुद्दा या सगळ्यात वजनदार आहे. तो म्हणतो, “तुमचं खरं असंल सर, खरं नाव सोडलं की सगळं सुटतंय. आज पाटीवरनं गेलं, उद्या दाखल्यावरनं जाणार, परवा पोराच्या तोंडातनं.” त्याची भीती पोकळ नाही. एक नोव्हेंबर २०१४ ला बारा शहरांची नावं सरकारी कागदावर बदलली आणि आमचं शहर बेळगावी झालं. आता दुकानाच्या फलकावर साठ टक्के जागा कन्नडला द्या असा कायदा आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत पाटीवरचं मराठी आकसत गेलं, त्याला ‘नावात काय आहे’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महात्म्य सांगणं.

पण त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. नाव कुठून आलं हा एक प्रश्न. ते आज कुणाच्या तोंडी आहे, आणि त्याला ते तसं लिहू-बोलू दिलं जातं का, हा दुसरा. पहिला अभ्यासकाचा, दुसरा नागरिकाचा. बेळगाव हे नाव टिकावं ते मूळचं मराठी आहे म्हणून नव्हे. वर पाहिलं तसं ते धड मराठी नाही, धड कन्नड नाही. ते टिकावं कारण लाखो माणसं या शहराला तसं म्हणतात. कन्नड माणूस सोलापूरला सोल्लापुर म्हणतो, कोल्हापूरला कोल्लापुर. म्हणू दे. त्यानं महाराष्ट्राचं काही वाकडं होत नाही. तीच मुभा मला बेळगावबद्दल हवी, पाटीवरही आणि कागदावरही. बरं, २०१४ मध्ये बदललं ते इंग्रजी लेखन. ‘गांव’वरचा अनुस्वार साहेबानं ‘म’ करून ठेवला होता, त्यासाठी गळा काढावा असं त्यात काही नव्हतं. दुखणं पुढचं आहे: मराठीत लिहितानाही ‘बेळगावी’च लिहा, हा आग्रह.

याच जखमेवर कन्नड माणूस स्वतः कसा कळवळतो, ते बघायचं तर कासरगोडला जावं लागतं. केरळच्या त्या किनाऱ्यावरच्या टोकाला कन्नड आणि तुळू बोलणारे अल्पसंख्य आहेत. महाजन आयोगानंच कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्यावा असं म्हटलं होतं. केरळनं दिला नाही. जून २०२१ मध्ये तिथल्या गावांची कन्नड नावं बदलून मल्याळी केली जाणार अशी बातमी उठली. मंजेश्वरचं मंजेश्वरम, मधूरचं मधुरम. कर्नाटकातले सगळ्या पक्षांचे पुढारी खवळले, पत्रं गेली, केरळ सरकारनं असा काही विचार नसल्याचा खुलासा केला. त्या वेळी बेंगळुरूहून जे युक्तिवाद झाले ते मी बारकाईनं वाचले. लोक ज्या नावानं गावाला ओळखतात ते त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे, अल्पसंख्याकांच्या भावना जपा, सौहार्द बिघडवू नका. शब्दन् शब्द मान्य! फक्त हेच शब्द घेऊन पश्चिम घाट चढून वर या, एवढंच म्हणायचं आहे.

आणि मुळाचा शोध घेऊन नावं ‘शुद्ध’ करायला गेलं की काय होतं, तेही जगानं पाहिलंय. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा जर्मन बोलणारा दक्षिण टिरोल इटलीकडे आला. एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थानं आधीच हजारो नावांची यादी तयार ठेवली होती. इथली नावं मुळात लॅटिन आहेत, जर्मन हा वरचा लेप आहे, असा त्याचा दावा. ब्रेनरला शेवटी एक ‘ओ’ लावून ब्रेनेरो केलं, स्टर्झिंगसाठी रोमन काळातलं नाव उकरून विपितेनो केलं. १९२३ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत ही यादी कायदा झाली. विपितेनोची व्युत्पत्ती अगदी बरोबर असेल. स्टर्झिंगच्या माणसाला त्याचा काय उपयोग? शेवटी इटलीला जर्मन भाषकांशी समेट करावा लागला, आणि आज तिथं रस्त्यावरच्या पाट्यांवर दोन्ही नावं असतात. आपल्या दोन्ही याद्यावाल्यांमध्ये मला तोच तोलोमेई दिसतो. एकाच्या गळ्यात लाल-पिवळं उपरणं, दुसऱ्याच्या गळ्यात भगवं.

माझा एक कन्नड मित्र आहे, तीस वर्षांची ओळख. खडेबाजारात चहा घेताना तो मला सांगतो, “काल बेळगावहून निघालो तो रात्री दहाला हुबळीत.” तेवढ्यात घरून फोन येतो आणि तोच माणूस म्हणतो, “बेळगावियिंद...” एकाच तोंडात, अर्ध्या मिनिटात, दोन्ही नावं. कुणाशी बोलतोय त्यावर नाव ठरतं. त्याला कधी थांबून विचार करावा लागलेला मी पाहिला नाही.

मग भांडायचं कशावर? घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय सांगतं. जिथं भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असं केंद्राचं धोरण १९५६ नंतरच्या काही वर्षांतच ठरलेलं आहे. पंधरा टक्क्यांची अट आमच्याकडची कितीतरी गावं झोपेतही ओलांडतील. त्यासाठी ताम्रपट लागत नाही, रट्ट लागत नाहीत, वेळूचं बेटही लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या खानापूरकडच्या गावाहून आली ती पिशवीत एक सरकारी कागद घेऊनच. कागद जमिनीचा, पूर्ण कन्नडमध्ये. उत्तर द्यायची मुदत होती आणि त्यातले सहा दिवस, गावात कुणी वाचून दाखवणारा मिळेपर्यंत, तसेच गेले होते. मी चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवत वाचू लागलो. गावाचं नाव आलं तसं तिनं बोट ठेवून विचारलं, “हे आमचंच न्हवं?” मी म्हटलं, “होय की. आणि गंमत सांगू आत्ती, नाव मूळचं कन्नडच आहे.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पाटी फोडून आलो की पाहायची.

“असू दे रे. पुढं काय लिहिलंय ते वाच.”